नवसाची चांदी : एका ग्रामदैवताच्या प्रभावळीचं प्रकरण

(गाव, देवस्थान आणि कुटुंब ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. वजनं, खर्च आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

विटा–आटपाडी पट्ट्यातलं साडेतीन हजार वस्तीचं गाव. पाऊस कमी, जमीन हलकी. त्यामुळे इथली माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वीच गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. सोन्याचांदीची मोड वितळवून शुद्ध करायचं हे काम करणारी इथली घरं आज तामिळनाडूपासून पंजाबपर्यंत पसरलेली आहेत. वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, ती सगळी गावात येतात. देवळावर चढलेलं बरंचसं बांधकाम गलाईच्या पैशातून झालेलं आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

ग्रामदैवत भैरवनाथ. मूर्ती काळ्या पाषाणाची, पाठीमागे जुनी लाकडी प्रभावळ (मूर्तीमागची नक्षीदार कमान), तिच्यावर पितळी पत्रा. देवस्थानची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली झालेली, विश्वस्त सात. रोजची पूजा गुरव घराण्याच्या चार शाखांकडे पाळीने. ताटात पडेल ते पाळीच्या गुरवाचं आणि पेटीत पडेल ते देवस्थानचं, ही वाटणी जुनी आहे आणि त्यावरून फारसा वाद नाही. पालखीचे मान मात्र नाजूक. कुणाचा पहिला नारळ, पालखी कुठे टेकते, हे ठरलेलं आहे. त्यात कुणी हात घातला की यात्रा पोलीस बंदोबस्तात होते, असा शेजारच्या दोन गावांचा अनुभव.

2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, एका गलाई कुटुंबातला थोरला मुलगा तामिळनाडूत रुग्णालयात ऑक्सिजनवर होता. गावी असलेल्या त्याच्या आईने (सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं) नवस बोलला. मुलगा बरा झाला. 2022 च्या दिवाळीत दोघे भाऊ गावी आले आणि देवस्थानला पत्र दिलं : 11 किलो चांदीची प्रभावळ अर्पण करायची आहे, चैत्राच्या यात्रेत.

प्रश्न नेमका काय होता

पत्र दोन परिच्छेदांचं होतं. पहिल्यात अर्पण, दुसऱ्यात तीन अपेक्षा. प्रभावळीच्या खालच्या पट्टीवर कुटुंबाचं नाव ठळक उठावात हवं. यात्रेच्या दिवशी पहाटेच्या अभिषेकाचा मान दर वर्षी कुटुंबाला मिळावा. आणि पालखी त्यांच्या दारात टेकावी. शिवाय थोरल्याने तोंडी विचारलं की देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी 80जी ची पावती मिळेल ना.

विश्वस्तांत लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, आलेली लक्ष्मी नाकारू नये, मानाचं नंतर बघू. दुसऱ्या बाजूला दोन तरुण विश्वस्त होते. यात्रेला बायकांना आडोसा नाही, स्वच्छतागृह बांधायला पैसे नाहीत आणि आपण देवाच्या पाठीला चांदी लावणार, हे त्यांना पटत नव्हतं. निवृत्त शिक्षक असलेल्या एका विश्वस्तांनी गीतेच्या सतराव्या अध्यायातलं सात्त्विक, राजस आणि तामस दान काढलं. परतफेडीची किंवा फळाची अपेक्षा ठेवून दिलेलं ते राजस, तेव्हा हे दान घ्यायचं की नाही याचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं.

विचार म्हणून ते बरोबर आहे, पण समितीला त्याचा उपयोग नाही. देणाऱ्याच्या मनात काय आहे याचा ठराव करता येत नाही आणि करूही नये. तो वर्ग देणाऱ्याने स्वतःसाठी लावायचा असतो. देवस्थानच्या हातात पत्रातला दुसरा परिच्छेद होता, म्हणजे अटी. भाव मोजता येत नाही, अटी वाचता येतात. त्या सुटतात का, सुटल्यावर अर्पण उरतं का, हे पाहिलं की पुष्कळसं उत्तर मिळतं. हे प्रकरण त्याच वाटेने गेलं, पण सरळ नाही.

अटींखेरीज आणखी एक अडचण होती, तिच्याकडे सुरुवातीला कुणाचंच लक्ष नव्हतं. देवळाला लोखंडी जाळी नव्हती, कॅमेरे नव्हते, विमा नव्हता. रात्री पाळीचा गुरव देवळाच्या ओवरीत झोपे, एवढीच राखण. बाजारभावाने साडेसात लाखांची चांदी गाभाऱ्यात लावायची आणि तिची जबाबदारी न लिहिता न बोलता त्या झोपलेल्या माणसावर टाकायची, असा त्याचा अर्थ होत होता. गुरवांना तर कुणी विचारलंही नव्हतं.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय, पत्र जसंच्या तसं मान्य करायचं. यात पालखीचा प्रश्न ओढवून घ्यायचा होता, म्हणून तो सर्वांत आधी गळला.

दुसरा, प्रभावळ नाकारून तीच रक्कम स्वच्छतागृहाला मागायची. तरुण विश्वस्तांपैकी एकाने हे आक्कांच्या घरी जाऊन, धाकट्या मुलासमोर, बोलूनही टाकलं. आक्का काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी गुरवीणबाईंना विचारलं, "देवाला बोललेलं फिरवायचं का म्हणत्यात गं ही पोरं?" हा पर्याय व्यवहाराच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, अधिकाराच्या दृष्टीने होता. नवस बोलणारा आणि देव यांच्यातलं वाक्य बदलायचा अधिकार विश्वस्तांना नाही. आम्ही एवढं सांभाळू शकतो, एवढं नाही, असं मात्र ते सांगू शकतात.

तिसरा, पितळेवर चांदीचा मुलामा. स्वस्त, चोरीची धास्ती कमी. पण मुलामा पुसण्याने दोन-चार वर्षांत उंचवट्यांवरून उडतो आणि खालचं पितळ डोकावायला लागतं. शिवाय नवस चांदीचा होता आणि घर गलाईवाल्यांचं. टंच (धातूची शुद्धता) काढण्यात हयात गेलेल्या माणसांना मुलाम्याचा सल्ला देणं म्हणजे अपमानच.

चौथा, कौल लावायचा. देवाला विचारा, उजवी म्हणजे होकार दिला तर अटींसकट घ्या. गुरवांपैकी ज्येष्ठांनीच याला नकार दिला. डावी पडली तर त्या घरावर डाग आणि उजवी पडली तर बाकीच्या मानकऱ्यांना देवानेच हटवल्यासारखं. माणसांनी ठरवायचं ते माणसांनी ठरवावं, एवढंच ते बोलले. बैठकीतलं हे सर्वांत शहाणं वाक्य होतं.

पाचवा पर्याय पुढे आकार घेत गेला : प्रभावळ घ्यायची, पण विनाअट, लागेल तेवढ्याच वजनाची आणि सांभाळण्याच्या खर्चासकट.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा : नवसाचे नेमके शब्द

डिसेंबरच्या सुरुवातीला एक विश्वस्त आणि दोन वयस्क बायका आक्कांकडे गेल्या. मुलं तेव्हा परत गेलेली होती. विचारायचं एवढंच होतं की नवस बोलताना काय शब्द होते.

"काय बोलले? बोलले, नाथा, पोरगं माझं माघारी दे, तुझ्या पाठीला चांदीची प्रभावळ लावीन."

"वजन काय बोलला होता, आक्का?"

"वजन कशाला बोलू? पोरगं तिकडं नाकाला नळ्या लावून पडलेलं. वजन सुचतंय व्हय त्या टायमाला?"

नाव घालायचं, मान मागायचा, असंही काही बोललेलं नव्हतं. 11 किलो, ठळक नाव आणि पालखी ही सगळी भर नंतरची आणि मुलांची. नवसाचे शब्द लिहून घेतल्याने एका दिवसात प्रकरणाचा पाया बदलला, कारण आता कुणालाही "नवस कमी करताय" असं म्हणता येणार नव्हतं. नवस पूर्ण होणार होता. कमी होणार होतं ते नवसात नसलेलं.

याच भेटीत आक्कांनी आणखी एक सांगितलं. प्रभावळीत आपल्या घरचं काहीतरी जावं अशी त्यांची इच्छा होती. स्वतःचे तोडे आणि नवऱ्याचा करदोडा, दोन्ही मिळून साधारण 600 ग्रॅम. मुलांना हे माहीत नव्हतं. त्यांनी दुकानातली चांदी धरली होती.

दुसरा टप्पा : वजनाचा हिशोब

कोल्हापूरच्या एका कारागिराला माप घ्यायला बोलावलं. जुनी प्रभावळ बाहेरून साडेचार फूट उंच, साडेतीन फूट रुंद. मधली मोकळी कमान वजा जाता पत्रा लागतो तो साधारण 10 चौरस फूट. उठावाच्या कामाला 26 गेजचा, म्हणजे 0.45 मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा घेतात. चांदीचा असा पत्रा चौरस फुटाला सुमारे 440 ग्रॅम भरतो, म्हणजे 10 चौरस फुटांना 4.4 किलो. मागे दुमडायच्या कडा, वरचं कीर्तिमुख आणि दोन्ही बाजूंचे खांब यांना जाड पत्रा लागतो. ते धरून साडेपाच किलो.

मग 11 किलो कुठे जाणार? तेवढ्याच क्षेत्रफळावर 11 किलो बसवायचे तर पत्रा एक मिलिमीटरहून जाड घ्यावा लागतो. राळेच्या मऊ थरावर बसवून मागून ठोकताना असला पत्रा नीट उठत नाही, परत परत तापवून मऊ करावा लागतो, नक्षी बोजड होते. सागवानी पाटाचं वजन वेगळंच. थोडक्यात, 11 हा आकडा कामाचा नव्हता, सांगण्याचा होता. शेजारच्या गावच्या देवळात आदल्या वर्षी 9 किलोची प्रभावळ लागली होती, हे लक्षात घेतलं की आकडा कुठून आला ते कळतं.

इथे विश्वस्तांनी एक चांगली गोष्ट केली : हा हिशोब स्वतः न सांगता कारागिराला थोरल्या भावाशी फोनवर बोलायला लावला. धातूतली माणसं धातूच्या भाषेत बोलली. जाड पत्र्यावर उठाव येत नाही हे गलाईवाल्याला पटवावं लागत नाही. 11 किलोचा विषय तिथेच संपला.

तिसरा टप्पा : सांभाळायला किती लागतं

हे गणित जवळजवळ कुठल्याच लहान देवस्थानात अर्पण घेण्यापूर्वी केलं जात नाही. इथे केलं गेलं ते गुरवांच्या आग्रहामुळे. वस्तू चोरीला गेली तर जबाबदार कोण हे लिहून द्या, नाहीतर पाळी घेणार नाही, असं चारही शाखांनी सांगितलं.

विमा, कॅमेरे आणि भोंग्याची देखभाल मिळून वर्षाला 14,000. रात्रीच्या राखणीचं मानधन महिना 1,000, म्हणजे 12,000. सफाईचं साहित्य आणि वर्षातून एकदा कारागिराची फेरी, 4,500. एकूण 30,500.

दुसऱ्या बाजूला 11 किलोतून वाचलेली चांदी. त्या वेळी दर किलोला 68,000 च्या घरात होता. साडेपाच किलोचे 3,74,000. घडणावळ किलोला 12,000 धरली तर आणखी 66,000. बेरीज 4,40,000. बँकेतली मुदत ठेव तेव्हा 7 टक्के देत होती. चांदीऐवजी ही रक्कम ठेवीत टाकली तर व्याज वर्षाला 30,800.

दोन आकडे इतके जुळतील असं कुणाला वाटलं नव्हतं. मोठं अर्पण आणि राखणदार नसलेलं देऊळ, की बेताचं अर्पण आणि त्याची कायमची व्यवस्था, असा निवड करण्यासारखा प्रश्न पहिल्यांदा स्पष्ट झाला.

चौथा टप्पा : नाव आणि मान

जानेवारीत थोरला भाऊ बैठकीला आला. वजन त्याने सोडलंच होतं, ठेवीलाही तयार झाला. नावावर अडला. विश्वस्तांनी सांगितलं की देवाच्या अंगाला लागून कुणाचंच नाव येणार नाही, अभिषेकाचा आणि पालखीचा क्रमही बदलणार नाही. तो उठून गेला. पुढचे तीन आठवडे फोन घेतला नाही.

या तीन आठवड्यांत प्रकरण मोडलं असतं. सावरलं ते धाकट्या भावामुळे. त्याने जे सांगितलं ते कुणी विचारलंच नव्हतं : 2019 च्या यात्रेच्या फलकावर वर्गणीदारांच्या यादीत त्यांच्या घराचं नाव राहून गेलं होतं. वर्गणी दिलेली होती, पावतीही होती. "आम्ही बाहेरचे झालो" असं वडील शेवटपर्यंत म्हणत होते. त्यानंतर दोन वर्षांत वडील गेले. थोरल्याला पट्टीवर जे नाव हवं होतं ते वडिलांचं होतं.

मिरवायची हौस अजिबात नव्हती असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. हौस होती, आणि तिच्या खाली हा सल होता. बहुतेक अर्पणांमागे अशी भेसळ असतेच. तिला नावं ठेवण्यापेक्षा तिच्यातला रास्त भाग कुठे भागवता येतो ते पाहणं जास्त उपयोगाचं. देवस्थानने 2019 ची चूक इतिवृत्तात लेखी मान्य केली. सभामंडपात वर्षवार देणगीदारांची फरशी लावायचं ठरवलं : सगळ्यांना एकाच मापाचं अक्षर, रकमा नाहीत, 2019 पासूनची नावं. आणि मानाऐवजी काम देऊ केलं. यात्रेच्या आदल्या दिवशी प्रभावळ साफ करायची, ती या घराने, बरोबर ज्याला यायचं त्याने यावं.

थोरल्याने शेवटी एक विनंती केली. प्रभावळीच्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या लाकडावर, वडिलांचं नाव कोरू द्या. ते कुणाला दिसणार नव्हतं. पाच विरुद्ध दोन मतांनी मान्य झालं. नियमाशी हे विसंगत आहे आणि दोन विरोधकांनी ते इतिवृत्तात नोंदवायला लावलं, ते बरं केलं.

पाचवा टप्पा : कायम लावायची की सणापुरती

चोरीच्या भीतीने एका विश्वस्ताने सुचवलं की प्रभावळ सुटी करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू, यात्रा आणि नवरात्रात लावू. बरीच देवस्थानं असं करतात आणि ते सुरक्षितही आहे. आक्कांनी विचारलं, "वरसातनं चार दिस लावायची, तर लावली म्हणू कशी?" बोललेल्या शब्दांत "पाठीला लावीन" होतं. म्हणून कायमची बसवायचं ठरलं, आणि विमा कंपनीच्या अटीप्रमाणे गाभाऱ्याला लोखंडी जाळी, दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन हातांत. जाळीचा आणि कॅमेऱ्यांचा सुरुवातीचा खर्च धाकट्या भावाने धनादेशाने दिला.

प्रत्यक्ष कार्यवाही

आक्कांचे तोडे आणि करदोडा मुलांनी स्वतःच्या मुशीत वितळवले. जुन्या दागिन्यांत खार, म्हणजे हलक्या धातूची भेसळ, जास्त असतो. यांचा टंच 78 भरला, म्हणजे 600 ग्रॅममधून शुद्ध चांदी निघाली 468 ग्रॅम. ती लगड वेगळी ठेवून, तिची वेगळी नोंद करून मग बाकीच्या चांदीत मिसळली. बाकीची चांदी दुकानाच्या बिलावर, थोरल्याच्या खात्यातून. बिलाचा आग्रह देवस्थानने धरला. चांदी कुठून आली याचा कागद नसेल तर पुढे चोरी झाल्यास विम्याचा दावा उभा राहत नाही आणि लेखापरीक्षणातही खुलासा देता येत नाही.

कारागिराकडे देताना वजन 5,720 ग्रॅम. दोन विश्वस्त, एक गुरव, धाकटा भाऊ समोर. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो, यादीवर सगळ्यांच्या सह्या. टंच तपासणी यंत्रावर 99.6. शुद्ध चांदी मऊ असते, पण 92.5 च्या चांदीतलं तांबं तिला लवकर काळवंडवतं, म्हणून देवळातल्या पत्र्याला जास्त टंचाची चांदीच बरी. काम झाल्यावर, लाकडावर ठोकण्यापूर्वी, पुन्हा वजन : 5,520 ग्रॅम. कात्रण परत आलं 140 ग्रॅम, घट 60 ग्रॅम. हे वजन लाकडावर चढवण्याआधीच घ्यायचं असतं. एकदा सागवानावर बसली की निव्वळ चांदी किती हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

पत्रा पुढून खिळे न मारता मागून रिबिट करून बसवला, म्हणजे पुढून पटाशी घालून उचकटता येत नाही. मूर्ती आणि प्रभावळ यांत चार इंच अंतर ठेवलं. पंचामृताचे शिंतोडे उडतात, दह्याची आंबट धार सांध्यांतून लाकडात मुरते, मधामुळे मुंग्या लागतात. याच निमित्ताने अभिषेकाचाही विचार झाला. उज्जैनच्या महाकालेश्वरात पिंडीची झीज थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयासमोर मंदिर समितीने माणशी अर्धा लिटर शुद्ध पाणी आणि सव्वा लिटर दूध किंवा पंचामृत अशी मर्यादा मांडली होती. तो दाखला इथे कामी आला. गावात आता मूळ मूर्तीवर पळीभर पंचामृत आणि बाकी अभिषेक उत्सवमूर्तीवर.

कागदपत्रं. वस्तूरूप अर्पणाची पावती वर्णन, वजन आणि टंच लिहून दिली. 4,40,000 ची रक्कम धनादेशाने घेतली. एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घेण्यास तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 269एसटी ची मनाई होती आणि ती देवस्थानालाही लागू होती. रकमेबरोबर दात्याचं पत्र घेतलं : "ही रक्कम कायम निधी म्हणून, तिचं फक्त व्याज प्रभावळीच्या देखभालीसाठी." हे लेखी नसेल तर ती साधी देणगी धरली जाते आणि पुढच्या कुठल्याही समितीला खर्चून टाकता येते. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत. दागिन्यांच्या नोंदवहीत फोटोसह नोंद. धर्मादाय कार्यालयात कलम 22 खालचा बदल अहवाल 90 दिवसांच्या आत.

काय घडलं

2023 च्या चैत्रात प्रभावळ लागली. सत्कार, शाल, श्रीफळ काही नाही. हे आधीच ठरलं होतं. आक्कांनी ओटी भरली, गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. एप्रिलपर्यंत चांदीचा दर 75,000 च्या आसपास गेला होता, पण धातू जानेवारीतच घेतल्यामुळे फटका बसला नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं नाही.

दोन महिन्यांत कडेने काळी रेघ उमटली. सुताराने लाकूड आणि पत्रा यांच्यात आवाज होऊ नये म्हणून रबराची पट्टी घातली होती. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. पट्ट्या काढून सुती नवार घातली. पावसाळ्यात एका हौशी कार्यकर्त्याने भांडी घासायच्या पावडरीने कीर्तिमुख लख्ख केलं. उंचवट्यावर ओरखडे आले, ते आता जाणार नाहीत. त्यानंतर नियम लिहून गाभाऱ्याच्या आतल्या भिंतीवर लावला : रिठ्याच्या पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं, मग कोरडं फडकं, डाग राहिला तर खडूची मऊ पूड. चिंच, लिंबू, राख, ब्रश बंद. धूप आणि कापूर प्रभावळीपासून लांब. यात्रेत गुलाल-खोबरं उधळताना आणि शोभेची दारू उडवताना गाभाऱ्यावर सुती पडदा, कारण गुलाल नक्षीच्या खाचांत बसून ओल धरतो आणि दारूच्या धुरात पुन्हा गंधकच.

सफाईची सेवा पहिल्या वर्षी पूर्ण कुटुंबाने केली, बरोबर गल्लीतली आठ-दहा माणसं होती. दुसऱ्या वर्षी आक्का आणि धाकटी सून. तिसऱ्या वर्षी धंद्यामुळे कुणी येऊ शकलं नाही, गुरवांनी केली. काम दिल्याने माणूस बांधला जातो ही अपेक्षा अर्धीच खरी ठरली.

ठेवीचं व्याज वेळेवर येतं आणि त्यातच भागतं. थोरला भाऊ यात्रा समितीत आहे, वर्षातून दोनदा ऑनलाइन बैठकीला बसतो. पालखीचा विषय त्याने परत काढलेला नाही. 80जी वरून मात्र तो नाराजच राहिला.

स्वच्छतागृहाचं काय झालं, हे सांगायला हवं. ते 2024 मध्ये वेगळ्या वर्गणीतून झालं, आणि तिच्यात आक्कांच्या घरचा हिस्सा होता. प्रभावळ नाकारून ते मागितलं असतं तर हा हिस्सा आला असता असं वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

80जी चं उत्तर पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. वस्तूरूप देणगीला ही सवलत मिळतच नाही, आणि निव्वळ धार्मिक देवस्थानांना सहसा ती मान्यता नसते. अपवाद सरकारने खास अधिसूचित केलेल्या देवळांच्या जीर्णोद्धाराचा. विश्वस्तांना हे माहीत होतं, पण दाता बिथरेल म्हणून "बघू" म्हणाले. "बघू" हा शब्द अशा बोलण्यांत फार महागात पडतो. करसवलत हे देण्याचं कारण असेल तर ते आधी उघड व्हावं, नसेल तर नकाराने काही बिघडत नाही.

गुरवांना दिवाळीतच बसवायला हवं होतं. देखभालीचं गणित त्यांच्यामुळे झालं. ते अडून बसले नसते तर 11 किलोच्या प्रभावळीला कुलूपही लागलं नसतं.

थोरल्या भावाला सात विश्वस्तांसमोर एकट्याला बसवून नाही सांगणं हा ढिसाळपणा होता. आधी धाकट्याशी किंवा आक्कांशी बोलणं झालं असतं तर 2019 चा विषय निघाला असता आणि तीन आठवडे वाया गेले नसते. नकार कळवायची पद्धत अशी हवी की माणसाला चारचौघांत माघार घ्यावी लागू नये.

लाकडामागच्या नावाबद्दल मतं अजूनही वेगळी आहेत. निरुपद्रवी आहे हे खरं, पण पुढचा दाता तेच मागेल तेव्हा "त्यांना दिलं, आम्हाला का नाही" याला उत्तर नाही. ही सवलत द्यायचीच होती तर सगळ्यांसाठी नियम करून द्यायला हवी होती.

आणि अटींचं जे टिपण नंतर झालं ते आधी तयार असतं तर चार बैठकी वाचल्या असत्या. आता आहे. दीड पानाचं, प्रत्येक मोठ्या अर्पणाच्या आधी दात्याला वाचून दाखवतात : नवसाचे किंवा संकल्पाचे शब्द, वस्तूची गरज आणि माप, वार्षिक देखभाल आणि तिची तरतूद, नाव फक्त फरशीवर, मानात बदल नाही, करसवलत नाही. 2024 च्या शेवटी दुसऱ्या एका घराने गाभाऱ्याची चौकट आणि दारं चांदीने मढवून द्यायची तयारी दाखवली. टिपण वाचून दाखवल्यावर त्यांनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि नंतर ती चांदी दुसऱ्या गावच्या देवळाला दिली, दारावर नावासह. एका विश्वस्ताला अजून वाटतं की तेव्हा थोडं वाकायला हवं होतं. बाकी सहांनी टिपणात बदल केलेला नाही. दारं लाकडीच आहेत. यंदा त्यांना तेलपाणी करायला 3,200 रुपये लागले.